सगळं गाव चढ्या सुरात

६ ऑगस्ट

तैपेईहून संपादकबाईंचा फोन. शेवटचं प्रकरण कुठे अडलंय? म्हटलं, डोक्यात आहे. म्हणाल्या, "डोक्यातलं छापता येत नाही हो, स्यूलुआनताई." आणि वर सल्ला, की रोज चार ओळी दैनंदिनी लिहा, हात मोकळा होतो. जन्मभर कादंबऱ्या लिहिल्या, आता ही कालची पोरगी मला हात मोकळा करायला शिकवणार. तरी बसलेय लिहायला, कारण दुसरं काही लिहून होत नाहीये.

तर माझा नवरा बुनहाई एप्रिलमध्ये गेला. झोपेतच गेला, कुणाला काही त्रास नाही, हा त्याचा स्वभावच. मी रडले नाही. गल्लीतल्या बायका अजून माझ्या तोंडाकडे बघतात, आज तरी रडते का म्हणून. नाही येत रडू, त्याला मी काय करू?

कादंबरी एका गाणाऱ्या बाईची आणि तिच्या बासरीवाल्या नवऱ्याची आहे. नवरा घुम्मा. बायकोने काहीही सांगितलं की त्याचं एकच उत्तर, "असेल." ही आमची गोष्ट नाही. सगळे लेखक असंच सांगतात, मीही सांगते.

९ ऑगस्ट

आज आमच्या गाण्याच्या मंडळात गेले होते. डोकं दुखतंय.

बुनहाईच्या जागी आता डॉक्टर याप बासरी वाजवतात. दातांचे डॉक्टर. ताइचुंगचा दवाखाना पोराला देऊन बायकोच्या माहेरी, म्हणजे इथे लुकांगला राहायला आले. मी गायला तोंड उघडलं की माझ्या दाढांकडे बघतात. बघू देत, दाढा चांगल्या आहेत. पण बासरी! चढी. दर वेळी चढी. आणि आमच्या संगीतात बासरी सांगेल तो सूर. पिपा, त्रितारी, दुतारी, सगळ्यांनी आपापल्या तारा बासरीला लावून घ्यायच्या आणि गाणारीने मध्ये चिपळ्या घेऊन मुकाट त्या सुरात गायचं. म्हणजे एकटे डॉक्टर चुकले की सगळी बैठक चुकली.

मी सरळ सांगितलं, "डॉक्टर, तुमचा सूर वर जातोय."

ते बिचारे बासरीकडे बघायला लागले. "ताई, हिला खुंट्या थोड्याच आहेत? बांबू आहे. भोकं पाडली तिथेच आहेत."

"मग फुंक वर जातेय."

"जरा हलकी मारून बघतो."

मारली. काही फरक नाही. खेंगकाका पिपा मांडीवर घेऊन किटलीत वाकून बघत होते, जसं काही किटलीत काही दिसणार आहे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मंडळातला सगळ्यात जुना, त्यांनी खरं बोलायला नको? अकिम तिच्या दुतारीची तार पुसत बसली. तिचा नवरा त्रितारी वाजवतो, तो तर बायको बोलल्याशिवाय बोलतच नाही. सगळ्यांना ऐकू येतंय आणि सगळे गप्प. भिडस्तपणाची कमाल आहे!

माझ्या कानाबद्दल शंका नको. सहा वर्षांची असताना माझे गुरुजी शेजारच्या घरात झाकण पडलं की विचारायचे, कुठला सूर? मी सांगायची. कधी चुकले नाही.

१० ऑगस्ट

संध्याकाळी कचरा टाकायला गेले तर गाडीवरचं गाणंही चढं. हे नवीन नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेने गाड्या बदलल्या, तेव्हापासून आहे. मी तेव्हाच ड्रायव्हरला सांगितलं होतं, त्याने "आजी, टेप तीच आहे" म्हणून हसण्यावारी नेलं. मग देवळातली घंटा बदलली. मग शाळेची. बुनहाईला म्हटलं होतं, गावात सगळंच चढ्या सुरात चाललंय, फक्त आपलं मंडळ जागेवर आहे. तो पिशवीची गाठ मारत म्हणाला, "असेल."

आता मंडळही गेलं.

१५ ऑगस्ट

हद्द झाली. माणसाने किती निर्लज्ज असावं!

दुपारी डॉक्टर याप दारात. हातात बदामाच्या पिठाचा डबा. मी म्हटलं, चला, चूक कळली वाटतं, माफी मागायला आले असतील. चहा केला. ते बुनहाईच्या फोटोसमोर उदबत्ती लावून बराच वेळ उभे राहिले. फोटोखाली निळ्या फडक्यात त्याची बासरी आहे, तिच्याकडे बघत होते. मग खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "ताई, एक मागू? बुनहाईसाहेबांची बासरी मला वाजवायला द्याल? मंडळापुरती."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"म्हणजे, मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मला बरं वाटेल? त्याची राख गार झाली नाही आणि तुम्हाला त्याची बासरी पाहिजे?"

"ताई, तसं नाही हो."

"मग कसं? तुमची धड वाजवता येत नाही म्हणून दुसऱ्याची? उठा."

उठले बापडे. दारात चपला घालताना पुन्हा म्हणाले, "विचार करा." मी बदामाचं पीठ त्यांच्या हातात परत दिलं. मग वाईट वाटलं, कारण ते जुन्या दुकानातलं होतं, जिथे अजून पीठ हाताने दळतात.

ही बासरी खरं तर त्याच्याबरोबर शवपेटीत जायची. याचिंग म्हणतच होती, "आई, बाबांबरोबर देऊया." खेंगकाका मध्ये पडले. "नाही पोरी, ही घरात ठेव. लागेल." तेव्हा मला वाटलं, आठवण म्हणून म्हणतायत. या यापसाठी म्हणत होते की काय?

२१ ऑगस्ट

आज लिहिलं! सलग पाच पानं. डोंगराचं प्रकरण.

हे प्रकरण म्हणजे कादंबरीचा गाभा आहे, असं संपादकबाई म्हणतात. बाई आयुष्यातल्या वाईट दिवसांत आहे. मंडळातले लोक बेसूर वाजवायला लागलेत, कुणी ऐकत नाही, तिला वाटतं आता गाणं संपलं, ती दिवसभर अंथरुणात तोंड खुपसून पडलेली. अशा वेळी नवरा काय करतो? पिशवी भरतो आणि डोंगरात निघून जातो. कुठे, कशाला, सांगत नाही. आठवड्याने येतो तो उन्हाने रापलेला, पायाला जळवा चावलेल्या, आणि काखेत बांबू. बायको विचारते, मी इथे मरत होते आणि तू फिरत होतास? तो म्हणतो, "असेल."

हे मात्र खरंच घडलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी. शब्द न् शब्द. मी त्याला हे कधी माफ केलं नाही, आणि त्याने कधी माफी मागितलीही नाही. त्यानंतर मी मंडळात जाऊन सगळ्यांना असा दम भरला की सगळे सुतासारखे सरळ आले. सूर पुन्हा जागेवर. त्याच वर्षी मी पुन्हा लिहायला लागले. म्हणजे माझं मलाच सावरावं लागलं, नवऱ्याने काडीची मदत केली नाही.

प्रकरण संपादकबाईंना पाठवलं. तासाभरात उत्तर, "अंगावर काटा आला. हा थंड माणूस वाचकांना छळणार." चला.

तरी शेवट सुचत नाही. तो मरतो आणि बाई काय करते? काहीच करत नाही. बसते. असं कुणी वाचेल का?

२८ ऑगस्ट

चांद्र पंचांगाचा सातवा महिना चालू आहे, दारात भटक्या भुतांसाठी टेबल मांडलं होतं. भात, मासा, कोंबडी, बिस्किटांचे पुडे. तेवढ्यात खेंगकाका काठी टेकत आले. मी म्हटलं, "काका, भुतांच्या पंगतीला आलात का?" म्हणाले, "अजून दोन-चार वर्षांनी. आज चहा दे."

आठव्या महिन्यातल्या पूजेचं बोलायला आले होते. वाद्यांच्या देवाची पूजा आणि तिच्यामागून मंडळातल्या गेलेल्या लोकांची. भिंतीवर नावांचं लांब कापड लावतात, एकेक नाव वाचतात, आणि जो त्या वर्षी गेला त्याच्यासाठी त्याच्या जवळच्याने गायचं. यंदा कापडावर बुनहाईचं नाव येणार. गायचं मी.

"गाईन," मी म्हटलं, "पण त्या दातवाल्याच्या बासरीवर नाही."

"मग कुणाच्या? आपल्याकडे दुसरा आहे कोण?"

"ताइनानहून मागवा."

"दुसऱ्या मंडळाचा माणूस आणून आपल्या माणसांची नावं वाचायची? लाज वाटेल पोरी. त्यापेक्षा पूजाच नको."

"तर मग नको. पण बुनहाईचं नाव बेसूर घेतलेलं मला चालणार नाही. तो घुम्मा होता, कोरडा होता, सगळं होता. पण सुरात होता."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लुआन, त्याची बासरी दे ना यापला. एकदा. एवढं ऐक माझं."

"तुम्हीसुद्धा!"

"मी काय सांगतो ते..."

"काय सांगता?"

त्यांनी बुनहाईच्या फोटोकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहान असताना ठेवायचे तसा. मला त्याचा राग आला. सगळ्यांना त्या बासरीची पडली आहे, माणसाची कुणाला नाही.

३ सप्टेंबर

मंडळात गेले नाही. अकिमने कालव्यांचं सूप पाठवलं, डब्यावर चिठ्ठी, "ताई, या ना." गेले नाही.

चूक माझी असती तर मी मान्य केली असती. पण चूक नाहीये.

६ सप्टेंबर

याचिंग काओशुंगहून आली. आल्या आल्या टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावर बातम्या ऐकू येतायत." मी म्हटलं, खालच्यांनी फुकट ऐकाव्यात.

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. पूजा, याप, बासरी. ती माझ्यासारखी भांडत नाही, बापासारखी ऐकून घेते. मग तिने फोनवर काहीतरी शोधलं. "हे बघ, वसंतातल्या पूजेला मी घेतलं होतं. बाबांचं शेवटचं."

तिने लावलं. छोट्याशा पडद्यावर बुनहाई. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले. मी मध्ये चिपळ्या घेऊन. आणि सूर! अगदी जिथल्या तिथे, तिळभर इकडे नाही की तिकडे. मी टेबलावर हात आपटला. "ऐक! हा सूर! हा! आता सांग मला, मी वेडी आहे का?"

"कोण म्हणतं वेडी?"

"सगळे म्हणतात. तोंडाने नाही म्हणत एवढंच."

याचिंग पडद्याकडे बघत राहिली. "बाबा तुझ्याकडेच बघतायत सगळा वेळ," ती म्हणाली.

"बघणारच. गाणारीकडे बघूनच वाजवतात."

मला युक्ती सुचली आहे. बासरी मागत होते ना? घेऊन जाते उद्या. त्याच्या बासरीवर एकदा वाजवायला लावते त्या यापला, सगळ्यांच्या देखत. दोन बासऱ्या एकामागून एक ऐकल्या की बहिऱ्यालाही कळेल कोण चुकतंय. मग बघू खेंगकाका किटलीत कुठवर बघतात.

७ सप्टेंबर

नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

दुपारी मंडळात गेले. याचिंग बरोबर होती. मला बघून अकिमचा चेहरा खुलला. मी कुणाशी न बोलता बासरी टेबलावर ठेवली, निळं फडकं सोडलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "घ्या. हवी होती ना? वाजवा. आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐका, खरा सूर कसा असतो."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी घेतली. खिशातून रुमाल काढून तोंडाशी पुसायला लागले. हळूहळू पुसत होते, दाताचं हत्यार पुसावं तसं. अजून ओठाला लावलीही नव्हती.

आणि खेंगकाकांचा हात पिपाच्या खुंटीवर गेला.

त्यांनी तार उतरवली. थोडीशी. मग दुसरी. शेजारी अकिम दुतारीची खुंटी सैल करत होती. तिचा नवरा त्रितारीची. तिघंही खाली बघत होते. कुणी कुणाला काही म्हणालं नाही, कुणी खूण केली नाही. मळलेल्या वाटेने पाय पडावेत तसे हात चालले होते.

मी बघत राहिले. आमच्यात आधी बासरी वाजते आणि मग तारा लागतात. बासरी ऐकल्याशिवाय तार कुठे न्यायची हे कळायचं कसं? आणि यांना तर ठाऊकच होतं, कुठे न्यायची आणि किती.

डॉक्टरांनी फुंकर मारली. सूर अगदी बरोबर होता. पिपा, दुतारी, त्रितारी, सगळं आधीच त्याच्याजवळ येऊन उभं होतं.

कुणीतरी म्हणालं, "ताई, गा." मला गायचं नव्हतं. मी डॉक्टरांची स्वतःची बासरी मागितली. ते काकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे बघा आणि द्या." दोन्ही बासऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, खालची टोकं जुळवून. बुनहाईची बोटभर जास्त लांब होती, म्हणजे सूर खालचा.

एवढी वर्षं ती बासरी माझ्या घरात होती. मी कधी मापून बघितली नाही. कशाला बघेन? बासरी म्हणजे बासरी.

"काका," मी म्हटलं, "हे काय आहे?"

अकिम रडायला लागली. शेवटी तिचा नवराच बोलला, जो कधी बोलत नाही. "ताई, तुम्हाला सगळं वर ऐकू येतं. सहा वर्षं झाली. बुनहाईभाऊंनी आम्हाला शपथ घातली होती."

८ सप्टेंबर

सहा वर्षं! सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं! मी त्यांना ओरडायची, दम भरायची, आणि ते "हो ताई, हो ताई" करत आपल्या तारा उतरवून बसायचे. घरी जाऊन हसत असतील. मला सांगायचं नाही? मी काय तान्हं बाळ आहे?

याचिंगवरही ओरडले. तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आई, मला नुसतं एवढंच माहीत होतं की तू ओरडतेस आणि बाबा असेल म्हणतात."

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

९ सप्टेंबर

कचऱ्याची गाडी. देवळातली घंटा. शाळेची घंटा. सगळ्या गावाने सूर बदलला आणि एकटी मी बदलले नाही, हे मी सहा वर्षं मानून चालले. कादंबऱ्या लिहिते मी! माणसांच्या मनातलं ओळखते म्हणून बक्षिसं मिळाली!

आता मला काहीच ठाऊक नाही. गुरुजींच्या शेजारी पडलेलं ते झाकण सोडून.

११ सप्टेंबर

खेंगकाकांकडे गेले. ते अंगणात पोमेलो सोलत बसले होते, सोललेली फाकच माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "काका, मला गोड बोलू नका. काय झालं होतं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मी बैठकीत चिपळ्या खाली टाकून निघून गेले होते. गाणं माझ्यापासून वर पळतंय, असं म्हणाले होते. मला आठवतं ते असं, की ते बेसूर वाजवत होते आणि मी चिडून गेले. पळतंय असं म्हणाल्याचं आठवत नाही. काका म्हणाले, "म्हणाली होतीस. रडत होतीस."

"बुनहाईला कळलं कसं?"

"घरी त्याने वाजवून बघितलं. तू स्वयंपाकघरात गुणगुणायचीस ना, तुझ्या मनातला सूर. तो बाहेर बसून ऐकायचा. तू गुणगुणायचीस तो जरा खाली असायचा, तुला तोच बरोबर वाटायचा. पण बासरी ऐकलीस की म्हणायचीस, वर आहे. मग तो म्हणाला, काका, तिला वरचं ऐकू येतंय तर आपण खाली जाऊ. म्हणजे तिला बरोबर ऐकू येईल. तारा आपल्याला उतरवता येतात, बासरी तेवढी लांब लागेल."

"आणि मला सांगायचं नाही?"

"मी म्हटलं सांग. तर म्हणाला, तिला कळलं तर ती गाणं सोडेल. गाणं सोडलं तर लिहिणंही सोडेल. आणि मग ती काय करेल घरात, मला दिवसभर बोलेल." काका हसले. मग डोळे पुसले. "नानतोऊच्या डोंगरात बांबूवाला आहे. त्याच्याकडे त्या मापाची नव्हती. हा आठवडाभर त्याच्याबरोबर बेटं धुंडाळत फिरला. पायाला जळवा लावून आला."

मला पुढचं ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण कळलं नाही. पोमेलोची फाक हातातच होती. अंगणात बसून रडले. इतकी रडले की काकांच्या सुनेला वाटलं म्हातारा गेला, ती धावत बाहेर आली.

मी इथे मरत होते आणि तू फिरत होतास, असं मी त्याला म्हणाले होते. त्याने पिशवी खाली ठेवली होती. पायातून रक्त येत होतं. आणि तो म्हणाला, असेल.

बुनहाई, अरे मेल्या, एकदा तरी बोलायचंस.

१२ सप्टेंबर

फोटो सरळ केला. संपादकबाईंना फोन करून सांगितलं, डोंगराचं प्रकरण परत पाठवा.

"का हो? तेच तर सगळ्यात चांगलं आहे!"

"ते खोटं आहे."

"कादंबरीच आहे ना ताई. तो थंड माणूस म्हणजे पुस्तकाचा कणा आहे."

"तो थंड नव्हता," मी म्हटलं. त्या पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिल्या.

संध्याकाळी डॉक्टर यापांकडे गेले. हातात बदामाच्या पिठाचा डबा, त्याच जुन्या दुकानातला. म्हटलं, "त्या दिवशी परत दिला होता, तो आज मी आणलाय." त्यांनी डबा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमची डावीकडची वरची दाढ मात्र खरंच बघायला हवी." माणूस चांगला आहे.

१४ सप्टेंबर

पूजा झाली.

कापड भिंतीवर लावलं होतं. सगळ्यात शेवटी ताज्या शाईत बुनहाईचं नाव. खाली मोसंबी, मूनकेक, उदबत्त्या. मी त्याची बासरी निळ्या फडक्यातून काढून कापडाखाली ठेवली. खेंगकाकांनी डॉक्टरांना खूण केली की ती उचला. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि तिघांचेही हात खुंट्यांवर गेले, उतरवायला.

मी म्हटलं, "थांबा."

सगळे थांबले.

"डॉक्टर, तुमची घ्या. काका, तारा वर असू देत. सहा वर्षं तुम्ही माझ्यासाठी खाली येत होतात. आज मी वर येते."

काका म्हणाले, "पोरी, तुला त्रास होईल. चुकीचं ऐकू येईल सगळं."

"येऊ दे."

चिपळ्या घेऊन मध्ये बसले. डॉक्टरांनी सूर दिला. चढा! अंगावर शहारा आला, तोंडात आंबट काही जावं तसा. पहिल्याच ओळीला वाटलं उठून जावं. पण मी डोळे उघडे ठेवले आणि काकांच्या बोटांकडे बघत गायले. ती बोटं बरोबर असणार. अकिमचा हात बरोबर असणार. सगळं गाव बरोबर आहे. माझ्या कानात शेवटपर्यंत एकही सूर जागेवर नव्हता, आणि मी एकही सोडला नाही. मध्ये एकदा आवाज फुटला, तो रडण्याने. त्याला सुराशी काही घेणंदेणं नाही.

संपल्यावर काकांकडे पाहिलं. म्हटलं, "कसं झालं?"

ते म्हणाले, "बरोबर झालं." खेंगकाका आता खोटं बोलणार नाहीत, शपथ सुटली आहे.

मग नावं वाचली. त्याचं नाव आलं तेव्हा मी "हो" म्हणाले, त्याच्या वतीने. असं कुणी म्हणत नाही, पण कुणी हसलंही नाही.

१५ सप्टेंबर

याचिंग म्हणते, पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जायचं. जाऊ.

सकाळपासून डोंगराचं प्रकरण नव्याने लिहितेय. आता त्यात बाई नाहीच. नुसता एक माणूस बांबूच्या बेटातून वाकून चालतोय, हातात मोजायची दोरी.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली. तेच गाणं, तसंच चढं. मी पिशवी घेऊन उभी. ड्रायव्हरने मला लांबूनच बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "आजी, काही बोलू नका, टेप तीच आहे!"

मी पिशवीची गाठ घट्ट केली आणि म्हटलं, "असेल."